खात्रीचं ऊन

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे. आपल्या लीगचा इतिहास कुणीतरी कधीतरी लिहीलच, आणि तेव्हा आजच्या दिवसाला एक अख्खं प्रकरण द्यावं लागेल. चॅनेलशी करार झाला. व्यावसायिक फुटबॉल आता घराघरांत दिसणार, आणि माझ्या दारावर नवी पाटी लागली: वेळापत्रक प्रमुख व प्रक्षेपण समन्वयक. ही म्हणाली, “पाटी लांबली. खोली तेवढीच राहिली ना?” माझा कुठलाही आनंद मापात आणायची हिला खोड आहे.

खोली लहान असली तरी एका भिंतीवर माझा फळा आहे. प्रत्येक संघाची वेगळ्या रंगाची टाचणी, प्रत्येक मैदानाचा चौकोन. कुणाला लागोपाठ दूरचे प्रवास नकोत, कुठल्या मैदानाशेजारी परीक्षेचं केंद्र आहे, कुठल्या पंचाचं कुठल्या प्रशिक्षकाशी वाजलेलं आहे, हे सगळं त्या टाचण्यांत बसलेलं असतं. चॅनेलच्या मॅडम आज तो बघायला आल्या. चाळिशीच्या असतील, अगदी हसतमुख, बोलताना दर वाक्याला ‘सर’.

“सर, हे सगळं तुम्ही हातानं करता?”

“वर्षानुवर्षं.”

“किती गोड,” त्या म्हणाल्या आणि फळ्याचा फोटो काढला.

त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली. शनिवारचा सामना संध्याकाळी सातऐवजी दुपारी दोनला. सातला त्यांची मालिका असते. “त्या वेळी घरातला रिमोट आपल्या हातात नसतो सर. तिथे आपण जायचंच कशाला?” मुद्दा बिनतोड होता. मी एक टाचणी काढून दुसरीकडे लावली. करारानंतरचा पहिला निर्णय माझ्या हातून झाला याची नोंद असावी.

५ मार्च, गुरुवार

घरात दोन पक्ष पडले. सासूबाई खूश. सातची मालिका त्या कधी चुकवत नाहीत आणि गेल्या हंगामात मी त्यांना सातच्या सामन्याला नेलं होतं, त्यामुळे नायिका कोमातून बाहेर आली ते त्यांना शेजारणीकडून कळलं होतं. लेक नाराज. ती गोदी संघाची डॉक्टर आहे. गोदी म्हणजे आमच्या लीगमधला सगळ्यात गरीब संघ, पूर्वी बंदरावरच्या कामगारांनी काढलेला.

“दुपारी दोनला? बाबा, तुम्ही कधी त्या वेळेला मैदानाच्या मधोमध उभे राहिलाय?”

मी म्हणालो, वेळापत्रक मैदानात उभं राहून करता येत नाही, त्यासाठी अंतर लागतं. वाक्य चांगलं जमलं होतं. ती ताट घेऊन आत गेली.

१४ मार्च, शनिवार

पहिला दुपारचा सामना. मॅडमनी मला समालोचकांशेजारच्या वातानुकूलित कक्षात बसवलं. मैदान गच्च भरलेलं दिसत होतं. नंतर लक्षात आलं की सगळे प्रेक्षक सावलीच्या बाजूला दाटीवाटीनं बसले होते आणि कॅमेरे तेवढीच बाजू दाखवत होते. उन्हातली बाजू रिकामी होती. चांगल्या दिग्दर्शनाने काय साधतं ते आज समजलं.

मध्यंतरात गोदीच्या कर्णधाराला उलट्या झाल्या. त्याला सगळे खांब म्हणतात. उंच, मितभाषी, बचावफळीत उभा राहिला की त्याला वळसा घालूनच जावं लागतं. हा त्याचा शेवटचा हंगाम. उत्तरार्धातही तो खेळला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खालच्या आवाजात म्हणाली, “निदान पाणी प्यायला तरी थांबू द्या त्यांना.”

ठरवलं. चॅनेल असो की आणखी कुणी, या मुद्द्यावर मी झगडणार.

१८ मार्च, बुधवार

आजची बैठक मी विसरणार नाही. अध्यक्ष होते, मॅडम होत्या. मी तयारीनिशी गेलो होतो: शरीरातलं पाणी, स्नायूंना येणारे गोळे, परदेशातली उदाहरणं. मागणी अशी की मैदानावर बत्तीस अंशांच्या वर तापमान असेल तर प्रत्येक अर्ध्यात पाणी पिण्यासाठी खेळ थांबवावा. तीन-चार तास वाद चालेल अशा अंदाजाने घरून सँडविचही नेलं होतं.

मी ‘खेळ थांबवावा’ म्हणालो आणि मॅडम म्हणाल्या, “खेळ थांबवायचा? सर, उत्तम कल्पना आहे. किती वेळ?”

“दीड मिनिट.”

“दीड फार कमी होतं हो. खेळाडूंचा विचार करा. तीन करूया.”

अध्यक्षांनी मान डोलावली. मी दुप्पट मिळवून बाहेर पडलो. आपण बोलणी करण्यात एवढे तरबेज आहोत हे मला या वयात कळतंय. विश्रांतीला ‘जलविराम’ हे नाव मी तिथल्या तिथे सुचवलं.

घरी हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. “इतक्या पटकन हो म्हणाल्या?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, माणसं चांगली असली की पटकनच हो म्हणतात.

सँडविच सासूबाईंनी खाल्लं.

२८ मार्च, शनिवार

पहिला जलविराम झाला. पडद्यावर त्याचं नाव ‘थंडगार ब्रेक’ असं आलं. त्यात सोड्याच्या पेयाची, पंख्याची आणि शेवटी घामोळ्यांच्या पावडरीची जाहिरात झाली. माझा शब्द गेला याचं थोडं वाईट वाटलं, पण मूळ उद्देश साधला.

खेळाडूंच्या हातात सोड्याची बाटली दिसली पाहिजे अशी अट आहे. लेक म्हणते, त्या अवस्थेत ते प्यायलं तर पोट फुगून पळता येणार नाही. त्यामुळे गोदीचे खेळाडू एका हातात बाटली कॅमेऱ्याकडे धरतात आणि मान वळवून दुसऱ्या हातातल्या भांड्यातून पाणी पितात. लांबून बघताना कवायत वाटते. हळूहळू सवय होईल.

७ एप्रिल, मंगळवार

रविवारी ढग होते. तापमान तीसच्या वर गेलंच नाही, त्यामुळे विश्रांतीही झाली नाही. खेळ सुंदर झाला, चार गोल. मला वाटलं सगळे आनंदात असतील. सोमवारी सकाळी मॅडमचा फोन.

“सर, असं कसं चालेल? पंख्यावाल्यांनी ब्रेक आधीच विकत घेतलेले असतात. आम्ही त्यांना काय सांगायचं, ऊन आलं नाही?”

आज त्या ऑफिसात आल्या आणि बराच वेळ फळ्यासमोर उभ्या राहिल्या. डोंगराकडच्या दोन मैदानांवर बोट ठेवून म्हणाल्या, “इथलं काही खरं नाही. आपल्याला खात्रीचं ऊन हवं.” ते सामने खाली समुद्राकडे आणावेत आणि सगळे सामने दोनऐवजी साडेबाराला ठेवावेत असं त्यांचं म्हणणं.

मी ठाम उभा राहिलो. साडेबारा म्हणजे साडेबारा मी होऊ दिलं नाही. खूप ताणून एक वाजता मान्य करून घेतलं. डोंगराकडचे सामने गेले, ते मात्र वाचवता आले नाहीत. तिथल्या क्लबचे चिटणीस फोनवर म्हणाले, “आमच्याकडे थंडी आहे हा गुन्हा झाला का?” त्यांना सध्याच्या परिस्थितीची पुरेशी कल्पना नाही.

संध्याकाळी लेकीला सांगितलं की साडेबाराचं संकट मी टाळलं.  मग तिनेच बातमी दिली: सगळ्या संघांचे डॉक्टर मिळून एक नियम मागणार आहेत. चाळीस अंशांच्या वर सामना नाही. बहुमताने तो नियम होणारच. बत्तीसच्या खाली चॅनेलला चालत नाही, चाळीसच्या वर डॉक्टरांना. मधल्या आठ अंशांत मला अख्खा हंगाम बसवायचा आहे.

१५ एप्रिल, बुधवार

खांब ऑफिसात आला होता. दारातून वाकून आत आला. खुर्ची दिली तरी उभाच.

“साहेब, नऊ मेला बँकेच्या संघाविरुद्ध आमचा घरच्या मैदानावर सामना आहे. माझा शेवटचा.”

“माहीत आहे. सगळी लीग तुला निरोप देणार.”

“सगळ्या लीगचं नाही म्हणत मी. आमची माणसं. ती पाळीवर असतात, सहाला सुटतात. एक वाजता कुणी येऊ शकत नाही. मी पंधरा वर्षं त्यांच्यासमोर खेळलो. तेवढा एक सामना संध्याकाळी होईल का?”

तो मागणारा माणूस नाही, हे त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. मी त्याच्यासमोरच गोदीची निळी टाचणी उचलून संध्याकाळच्या रकान्यात लावली. म्हटलं, “झालं.” त्याने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात हातात घेऊन दाबला. बराच वेळ बोटं दुखत होती, पण मन प्रसन्न होतं. या कामात असे दिवस थोडेच येतात.

२३ एप्रिल, गुरुवार

मॅडमना निळ्या टाचणीबद्दल सांगितलं. त्या भारावून गेल्या. कर्णधाराचा निरोप, कामगारांची गर्दी, डोळ्यांत पाणी. त्यांनी लगेच सहायकाला सगळं लिहून घ्यायला लावलं. मग म्हणाल्या, “यावर आपण खास कार्यक्रम करू. फक्त वेळ एकची ठेवू. मालिकेत नऊ मेला नायिकेचं दुसरं लग्न आहे सर. त्या दिवशी सातला काहीही हलवता येणार नाही.”

“पण कामगार एक वाजता येऊ शकत नाहीत.”

“गर्दीची काळजी करू नका. माणसं आम्ही आणतो. निळे शर्टही आम्हीच देऊ.”

मी अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, तुमची संध्याकाळची कल्पना तत्त्वतः मान्य आहे. तत्त्वतः मान्य झाली ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. प्रत्यक्षात एक वाजता.

खांबाला फोन मीच केला. मी कारणं सांगत होतो आणि तो पलीकडून “बरं” म्हणत होता. माझी कारणं संपली तरी त्याचं एक “बरं” उरलं होतं.

३० एप्रिल, गुरुवार

चाळीस अंशांचा नियम मंजूर झाला. तापमान कुणी मोजायचं यावर प्रत्येक क्लबने दुसऱ्यावर संशय घेतला, तेव्हा मॅडमनीच माझं नाव सुचवलं. “सरांवर सगळ्यांचा विश्वास आहे.” सामना सुरू करायचा की नाही, चालू असला तर थांबवायचा की नाही, हा निर्णय यापुढे माझा. अध्यक्ष कानात म्हणाले, “शोभेचं काम आहे, घेऊन टाका.”

तापमापक दोन असतील. एक मैदानाच्या कडेला उन्हात: तो विश्रांतीसाठी, म्हणजे बत्तीस पार झालं का बघायला. दुसरा खेळाडू बाहेर येतात त्या बोगद्यात, सावलीत: तो चाळीससाठी. लेक म्हणाली, “म्हणजे ब्रेक मिळावा म्हणून उन्हात मोजायचं आणि सामना व्हावा म्हणून सावलीत मोजायचं?” दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळी उपकरणं असणारच. यात मला विसंगती दिसत नाही. मी तिला तसं सांगितलं. नंतर बराच वेळ मनात घोळत राहिलं, पण विसंगती नाहीच.

आणखी एक किरकोळ गोष्ट. लेक मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचा मोठा टब ठेवते. कुणाला उष्माघात झाला तर त्याला त्यात बसवायचं. पडद्यावर तो टब वाईट दिसतो, पेयाच्या फलकाच्या अगदी समोर येतो. मॅडमनी विचारलं, पलीकडच्या प्रेक्षक-गॅलरीमागे ठेवला तर चालेल का. टब काढायचा नाही, फक्त सरकवायचा. मी सही केली. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

९ मे, शनिवार

खांब जिवंत आहे. बाकी उद्या लिहीन.

१० मे, रविवार

काल एक वाजता बोगद्यातला तापमापक अडतीस दाखवत होता. उन्हातला त्रेचाळीस. लेक तिथे आली. टब कुठे गेला ते तिला तोवर कळलं होतं. तरी ती फक्त म्हणाली, “आज सुरू करू नका.” मी म्हटलं, नियमाप्रमाणे अडतीस आहे. “मी नियमाचं विचारत नाहीये, बाबा.” मागे अध्यक्ष उभे होते, मॅडम घड्याळ बघत होत्या, खास कार्यक्रम संपून खेळाडू रांगेत उभे राहिले होते. खांब सगळ्यांच्या पुढे. मी अडतीस लिहून सही केली आणि वर वातानुकूलित कक्षात गेलो.

प्रेक्षक-गॅलरीत भाड्याने आणलेली माणसं निळ्या शर्टात बसली होती आणि सांगितल्यावर टाळ्या वाजवत होती. त्यांच्यातल्या पुष्कळांना खांब कोणता हे माहीत नसावं, कारण गोलरक्षकाने चेंडू अडवला तेव्हाही ते ‘खांब, खांब’ म्हणत होते.

थंडगार ब्रेकच्या थोडं आधी खांब धावता धावता वाकडा चालायला लागला. चेंडू एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला. मग गुडघ्यावर बसला आणि तसाच आडवा झाला. माझ्या शेजारी मॅडम कानातल्या यंत्रात म्हणाल्या, “ब्रेक आत्ता घ्या.” पडद्यावर पंखा फिरायला लागला. मैदानात माझी लेक धावत होती. काचेच्या आतून कशाचाच आवाज येत नव्हता.

मी जिना उतरून खाली कसा गेलो ते आठवत नाही. मैदानात पाऊल टाकलं आणि श्वास घेतला तर आत हवा जाईना, जे गेलं ते गरम होतं. लेक ओरडून सांगत होती, “टबाकडे, टबाकडे.” गोदीचे आणि बँकेचे मिळून सहाजण त्याला उचलून निघाले. मी एक पाय धरला होता. पूर्वी टब होता ती जागा दहा पावलांवर होती. आम्ही ती ओलांडून पुढे गेलो, गोलच्या मागून, फलकांच्या मागून, प्रेक्षक-गॅलरीला वळसा घालून. त्याचं अंग तव्यासारखं भाजत होतं आणि तो कुणाला तरी सांगत होता की मी येतो, तुम्ही चला पुढे. फार लांब होतं ते. लेकीनं त्याला पाण्यात बसवलं, डोकं धरून ठेवलं, माझ्याकडे न बघता मला बर्फ ओतायला सांगितलं. मी ओतत राहिलो. रुग्णवाहिका आली, ती त्याच्याबरोबर गेली.

परत आलो तर पंच शिट्टी घेऊन उभे. अध्यक्ष म्हणाले, बदली खेळाडू तयार आहे, चॅनेल वाट बघतंय, सुरू करूया. माझी बाही ओली होती. मी बोगद्यात गेलो, खिळ्यावरचा तापमापक काढला आणि तो हातात धरून मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. सगळे बघत होते. कॅमेराही बघत होता, पण ते मला नंतर कळलं. पारा चढायला वेळ लागतो. मी हललो नाही. चाळीस झाले, एक्केचाळीस झाले, त्याच्याही पुढे गेला.

अध्यक्ष धावत आले. “हा बोगद्यातला आहे. हा इथे आणायचा नसतो.”

मी म्हटलं, “खेळाडू इथे खेळतात.” आणि पंचांना सांगितलं, सामना थांबला आहे.

चॅनेलने उरलेल्या वेळात मालिकेचा जुना भाग दाखवला. सासूबाईंनी तो पुन्हा बघितला.

१२ मे, मंगळवार

अध्यक्षांनी मला बोलावून उभ्याउभ्याच पुष्कळ सुनावलं. शिस्त, करार, विश्वासघात. मी ऐकून घेतलं. नोकरी गेली असं धरून खोलीत आलो, फळ्यावरच्या टाचण्या डबीत भरायला लागलो, तर मॅडम आल्या. पेढीवरचा माणूस नफ्याचा दिवस संपवून घरी निघावा, तसा चेहरा.

“सर, तुम्ही आकडे पाहिलेत का? तुम्ही थर्मामीटर घेऊन उभे होतात ना, ती चार मिनिटं या हंगामात सगळ्यात जास्त लोकांनी बघितली. आता काय होणार म्हणून लोक खुर्चीच्या टोकावर.”

पुढच्या हंगामात प्रत्येक सामन्याआधी मी मैदानाच्या मधोमध जाऊन पारा बघायचा, अशी त्यांची योजना. पांढरा कोट. पंख्यावाले तयार आहेत. आकडा चाळीसच्या खाली कसा राहील ते त्या बघतील. मी फक्त चेहऱ्यावर काळजी ठेवायची.

“खांबाची तब्येत विचारणार होतात का?” मी विचारलं.

“विचारली ना सर. त्याची मुलाखत मिळाली तर फार छान होईल.”

मी विचार करायला वेळ मागून घेतला. का मागितला ते कळत नाही. घरी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, “पांढरा कोट तुम्हाला शोभणार नाही.” नंतर माझ्या शेजारी येऊन बसली आणि टीव्ही बंद केला. सासूबाईंनीही रिमोट खाली ठेवला.

लेक तीन दिवस दवाखान्यातच आहे. मी डबा घेऊन गेलो होतो. तिने डबा घेतला. म्हणाली, “टबाचं तुम्ही मला सांगायला हवं होतं.” मी हो म्हटलं. 

१८ मे, सोमवार

खांब आता बोलतो. मूत्रपिंडांना मार बसला होता, ती हळूहळू सावरतायत. पुन्हा खेळायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पलंग त्याला अपुरा पडतो, पाय बाहेर येतात.

मी काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. तिथे नुसतं म्हणालो, “संध्याकाळी ठेवतो म्हटलं होतं. ठेवला नाही.”

तो छताकडे बघत म्हणाला, “सामना अर्धवट राहिला, नाही का?”

“हो.”

“त्याचं काय होतं?”

नियम माझ्याच हातचा आहे. अर्धवट थांबलेला सामना जिथे थांबला त्या मिनिटापासून, त्याच अकरा जणांनिशी पुढे खेळायचा. लगेच ऑफिसात आलो आणि चॅनेलला विचारलं, प्रक्षेपणासाठी कोणती वेळ हवी. सहायकाचं उत्तर आलं: अर्धवट सामन्यात जाहिरातदारांना रस नाही, तुम्ही तुमच्या सोयीनं उरकून घ्या.

तुमच्या सोयीनं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग निळी टाचणी घेतली आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारच्या संध्याकाळी सातच्या रकान्यात लावली. कुणाची परवानगी घ्यायची राहिली आहे का, हे सवयीनं आठवून पाहिलं. कुणाचीच नव्हती.

२१ मे, गुरुवार

मॅडमना नकार कळवला. भांडण होईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “हरकत नाही सर, थर्मामीटर आपल्याकडेच आहे.” पांढऱ्या कोटासाठी त्यांनी मालिकेतल्या डॉक्टरलाच घेतलं आहे. लोक त्याला ओळखतात, आणि नायिका कोमातून बाहेर आली ती त्याच्याच हातून.

अध्यक्षांनी माझ्या कामाची फेरवाटणी केली. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक चॅनेलचा संगणक करणार. माझ्याकडे टीव्हीवर न दाखवायचे सामने. पाटी पुन्हा लहान झाली. ही म्हणाली, बरं झालं, वाचायला सोपी. डोंगराकडच्या चिटणिसांना मी स्वतः फोन केला आणि विचारलं की तुमच्या थंडीत काही सामने घ्याल का. ते म्हणाले, “कुणी चेष्टा करतंय का?”

२६ मे, मंगळवार

सहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. पाळीवरून सुटून तशीच आलेली, कपड्यांवर ग्रीस, हातात रिकामे डबे. भाड्याचे शर्ट नव्हते, त्यामुळे सगळे वेगवेगळ्या रंगांत होते. मी वर कक्षात गेलो नाही; कक्षाला कुलूप होतं. गोदीवाल्यांच्या मधे एका पायरीवर जागा मिळाली. शेजारचा माणूस म्हणाला, “सरका थोडं, साहेब,” आणि आणखी दोघांना बसवलं.

त्याच अकरा जणांचा नियम असल्यामुळे खांब अजून कागदोपत्री मैदानातच होता. लेकीने एवढीच परवानगी दिली होती: उभं राहायचं, पळायचं नाही. तो दिव्यांच्या उजेडात चालत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. शर्ट त्याला ढगळ होत होता. सगळं मैदान उठून उभं राहिलं, पण ओरडलं कुणी नाही. पंचांनी चेंडू टाकला, गोदीच्या एकाने तो मागे खांबाकडे ढकलला, खांबाने बाजूच्या खेळाडूला दिला. एवढंच. मग त्याने हात वर केला आणि बदली खेळाडू उभा होता त्या कडेकडे निघाला. फार सावकाश चालला तो. बँकेच्या खेळाडूंनी चेंडू तसाच पडू दिला आणि वाट बघितली. पंचांनी घड्याळ पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं, आता इथे जाहिरात येईल असं वाटून, आणि मग लक्षात आलं की येणार नाही. तो चालत राहिला, आणि माणसं टाळ्या वाजवत राहिली, आणि त्या वेळेला लांबी नव्हती.

लेकीने त्याला बाकावर बसवून खांद्यावर टॉवेल टाकला. एकदा वर माझ्या दिशेने बघितलं. मी हात केला. तिने केला नाही, पण मान हलवली.

खेळ तसा बेताचाच झाला. वारा होता, पास चुकत होते. शेवटाकडे गोदीने गोल केला आणि तो मी पाहिला नाही. नेमक्या त्याच क्षणी मी मान वर करून मोठ्या पडद्याकडे बघत होतो. चॅनेलने बसवलेला तो पडदा आज बंद, काळा होता. भोवती एकदम गलका झाला. पुन्हा दाखवतील म्हणून मी काळ्या पडद्याकडे बघतच राहिलो.

शेजारच्याला विचारलं, “कसा झाला?”

“डावीकडून आला ना, मग डोक्यानं.”

“डोक्यानं कुठे?” मागचा म्हणाला. “खांदा लागला.”

“खांदा नाही, डोकंच. मी इथून बघत होतो.”

मैदान रिकामं होत आलं तरी तो गोल चाललेला होता. फाटकापाशी एकजण दोघांना अडवून, रिकामा डबा चेंडूसारखा हातात धरून, तो कसा वळला ते दाखवत होता. मी थांबून शेवटपर्यंत बघितलं.